आईच्या पलंगामागचं सॉकेट

१२ जुलै, शनिवार

जळका वास! सकाळपासून येतोय. आधी वाटलं, गल्लीत कुणी कचरा पेटवलाय. मग वाटलं, भात लागला. भात ठेवलाच नव्हता.

आईच्या पलंगामागे वाकले तेव्हा कळलं. तिचं ऑक्सिजनचं मशीन जिथे लावलंय ते सॉकेट करपून तपकिरी झालंय. हात लावला तर चटका! मशीनची पिन दोन काड्यांची, सॉकेट तीन भोकांचं. मग काय — वरच्या भोकात आगपेटीची काडी खुपसून पिन दामटून बसवलेली. इथे सगळेच असं करतात. अमारा शहरात माझ्या घरी मीही टीव्ही असाच लावलाय. पण टीव्ही दिवसातून तास-दोन तास. हे मशीन चोवीस तास चालतं. ढिली पिन तापत राहणार, दुसरं काय होणार?

आईला म्हटलं, "हे बदलायला हवं. उद्याच."

"राहू दे. त्याला हात लावू नकोस."

नाकात नळी असताना तिला चार शब्दांच्या वर बोलवत नाही. आज सहा बोलली.

मशीन घरातल्या दुसऱ्या सॉकेटला लावावं तर वीज गेली की बंद पडणार. सरकारी वीज दोन तास येते, तीन तास जाते. मधल्या वेळात मोहल्ल्याचा जनरेटर, तोही त्याची मर्जी असेल तेव्हा. हे एकच सॉकेट असं की वीज गेली तरी चालू राहतं. अब्बांनी जाण्याआधी गच्चीवर बॅटरी बसवली होती म्हणे. मी आले त्याच दिवशी आईनं सांगितलं. मला येऊन नऊ दिवस झाले. मी शिकवते त्या शाळेला सुट्टी आहे तोवर मी, पुढचं पुढे.

आईच्या बोटावरच्या चिमट्यात ऑक्सिजनचा आकडा ९२. डॉक्टर म्हणाले, अठ्ठ्याऐंशीच्या खाली जाऊ द्यायचा नाही. इस्पितळात खाट नाही आणि आई तिथे जायला तयारही नाही.

१३ जुलै, रविवार

नवं सॉकेट आणलं. "कुठल्याही देशाची पिन घाला बाई, बसते!" दुकानदार. टेस्टरही घेतला, आणि एक लहान पेचकस.

दुपारी कामाला लागले. आईला छोट्या सिलिंडरवर घ्यायचं, दहा मिनिटांत सॉकेट बदलायचं, परत मशीनवर आणायचं — असा बेत. मेन बंद केलं. जनरेटरचं बटण बंद केलं. पंखा थांबला, फ्रिज गप्प झाला. मशीन चालूच. बरोबर, बॅटरी! ती सोडवायला गच्चीवर गेले. पन्नास अंश ऊन, चपलेतून तळवे भाजले.

बॅटरीचा पत्र्याचा डबा आहे. उघडला. आत कांदे.

कांदे! वायर नाही, बॅटरी नाही, कोंब आलेले पाच-सहा कांदे.

खाली आले. घरातली सगळी बटणं बंद आणि मशीन मजेत गुणगुणतंय! टेस्टर लावला तर भक्क पेटला. मी त्यात हात घालणार होते. बॅटरीवर विश्वास ठेवून, दहा मिनिटांत.

"आई, गच्चीवर बॅटरी नाहीये."

आईनं डोळे मिटून घेतले. झोपली नव्हती, पापण्या हलत होत्या.

१४ जुलै, सोमवार

ही वीज येते कुठून?

सकाळपासून एकेक शक्यता खोडतेय. वाटलं, आमच्या बोर्डाचं बटण नावालाच खाली होत असेल, आतून चिकटलं असेल. म्हणून फ्यूजच काढून खिशात टाकले. मशीन चालू. मग वाटलं, जनरेटरची तार कुठेतरी परस्पर जोडलेली असेल. तीन वाजेपर्यंत थांबले. तीनला जनरेटरवाला त्याचा जनरेटर विसाव्याला बंद करतो आणि सरकारी वीज तर त्याआधीच गेली होती. अख्खी गल्ली ठप्प. समोरच्या घरातून शिव्या ऐकू आल्या.

मशीन चालू!

म्हणजे ही आमच्या गल्लीची वीजच नाही. मागच्या गल्लीला इस्पितळाची लाईन आहे, तिथे वीज सहसा जात नाही. हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. मागच्या गल्लीत आमच्या पाठीला पाठ लावून कोण राहतं, ते मला इथे लिहायचं नाही.

उस्ता लफ्ताला फोन केला. मोहल्ल्यातला जुना वायरमन, अब्बांच्या ओळखीचा. बुधवारी येतो म्हणाला.

१५ जुलै, मंगळवार

सॉकेटचा कोपरा वितळायला लागलाय. टेबलफॅन त्याच्याकडे तोंड करून ठेवला. आई घामात, सॉकेट वाऱ्यात! आकडा ९१.

१६ जुलै, बुधवार

उस्ता लफ्ता आला. सत्तरीचा आहे, शिडी स्वतःच घेऊन आला. आधी चहा, मग काम. चहात साखर कमी म्हणून माझी शाळा घेतली.

मेन बंद केलं, टेस्टर लावला, हसला. "बाई, ही तार तुमच्या बोर्डाची नाहीच. ही भिंतीत जाते आणि तिकडे बाहेर पडते. पलीकडे कोण राहतं?"

"कुणी नाही."

"कुणी नाही? मग वीज कोण देतंय, फरिश्ते?"

आई पलंगावरून हसली. हसता हसता खोकली. मला इतका राग आला!

मग त्यानं मला समजावून सांगितलं, मी सातवीतली असल्यासारखं. हे घर आधी एकच होतं. मध्ये भिंत घातली गेली, एका घराची दोन घरं झाली. नळ वेगळे केले, दारं वेगळी केली, मीटर वेगळे घेतले. पण वायरी कोण उकरतो? या मोहल्ल्यात दोन बायकांच्या घरांत त्यानं हेच पाहिलंय. "भाऊ वाटण्या करतात, सवती भिंती घालतात, आणि तार बिचारी दोन्हीकडे नांदते." म्हणून आईच्या खोलीतल्या या एका सॉकेटचं बटण भिंतीपलीकडे आहे. सबीहाच्या बोर्डावर.

लिहिलं एकदाचं नाव. सबीहा. माझ्या अब्बांची दुसरी बायको. मुलगा हवा होता अब्बांना, म्हणून आणली. मी एकटी पुरी पडले नाही. मुलगा तिलाही झाला नाही. सत्तावीस वर्षांत मी त्या बाईशी एक शब्द बोलले नाही, अब्बांच्या मयतीतसुद्धा नाही.

आणि माझी आई तिच्या विजेवर श्वास घेतेय!

"चालू तारेवर मी काम करणार नाही," उस्ता म्हणाला. "हा डबा जुना, तारा ठिसूळ. पलीकडे जाऊन तिला बटण बंद करायला सांगा. पाच मिनिटांचं काम."

"मी जाणार नाही."

"मग मी जातो."

"तुम्हीही नाही."

आईला विचारलं, कधीपासून माहीत आहे? तुकड्यातुकड्यांनी म्हणाली — "मशीन आलं तेव्हापासून. तिनंच भिंतीवर थाप देऊन सांगितलं, तिथे लाव. पहाटे ती थाप देते. मी देते. बस्स."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. उस्ताला म्हटलं, आमच्या बोर्डावरून नवी लाईन ओढा. या खोलीत त्या घरचं काहीही नको. तो म्हणाला, बाई, या गल्लीची वीज जाईल तेव्हा काय? आणि दाबही कमी असतो, मशीन रडेल. म्हटलं, मी आहे ना, सिलिंडर आहे. त्यानं शिडी लावली. मग भिंतीवरून पट्टी मारून, पिशवीतलं त्याचं सॉकेट लावून नवी लाईन दिली, जुन्या सॉकेटवर चिकटपट्टी लावली. उरलेला तारेचा तुकडा आणि चिनी मातीचा एक कनेक्टर खिडकीत ठेवून गेला. "लागेल तुम्हाला," म्हणाला.

पैसे घेतले नाहीत. त्याचाही राग आला.

आईनं तोंड भिंतीकडे केलंय.

१७ जुलै, गुरुवार

मशीन सहा वाजता ओरडलं. साडेआठला ओरडलं. अकराला वीज होती, पण दाब इतका कमी की मशीन चालू होऊन दोन मिनिटांत परत ओरडलं. साडेबाराला. तीनला. दर वेळी धावायचं, नळी सिलिंडरला जोडायची, वीज आली की परत मशीनला. माझे हात आता डोळे मिटूनही ते करतील. दुपारी आकडा ८७. संध्याकाळी ८९.

भरलेला सिलिंडर एकच राहिलाय. सिलिंडरवाला म्हणतो शनिवारी.

मी बरोबर केलं. आपल्या घरात आपली वीज. यात चूक काय आहे?

आई जेवली नाही.

१८ जुलै, शुक्रवार

आज सगळं नीट लिहून ठेवते.

सकाळी सातला सरकारी वीज गेली. जनरेटर आठला बसला. पट्टा तुटला म्हणे, दुकानं बंद, जुम्मा आहे. शर्जी, तो खाडीकडचा दमट वारा, सुटलेला, हवा ओल्या फडक्यासारखी तोंडावर. आई सिलिंडरवर. अकरा वाजले, बारा वाजले. सिलिंडरचा काटा अर्ध्यावरून खाली. आकडा ८६. उस्ताचा फोन बंद — मशिदीत असणार. रुग्णवाहिकेला फोन केला. त्या माणसानं पत्ता घेतला, येतो म्हणाला. आली नाही.

काटा पाववर आला तेव्हा माझा ताठा संपला. जुन्या सॉकेटवरची चिकटपट्टी काढली, मशीनची पिन खुपसली.

फट्ट! निळी ठिणगी, धूर, आणि मशीन गप्पच. टेस्टर लावला तर पेटला. फेज आहे आणि मशीन मेलेलं — म्हणजे परतीची तार, न्यूट्रल, जळून तुटली. बुधवारी हे सॉकेट जिवंत होतं. पिन ओढून काढली, परत खुपसली, त्यात ते गेलं. दोष कळला तरी उपयोग काय? आत वीज असताना उघडू कशी? बटण पलीकडे.

आईला उचलून तिकडेच नेऊ, असंही मनात आलं. गल्लीला वळसा घालून जायचं, या उन्हात, नळीशिवाय. वाटेतच गेली असती.

आई माझ्याकडे बघत होती. ओठ निळसर. रागावली असती तर बरं झालं असतं!

धावले. डोक्यावर अबाया नीट नव्हता. मागच्या गल्लीत शिरले आणि तिचं दार कुठलं तेच कळेना. आमच्याच घराचं दार, मी लहानपणी ज्याच्या पायरीवर खेळले ते, आणि मला ओळखू येईना! हिरवा रंग दिलाय. ठोकलं. तोंडातून निघून गेलं, "मावशी! मावशी, दार उघडा!" वडिलांच्या बायकोला सगळे मावशीच म्हणतात. मी कधी म्हटलं नव्हतं.

तिनं लगेच उघडलं. म्हातारी झालीय. माझ्या मनातली सबीहा पस्तिशीची होती, कानात मोठी कर्णफुलं घालणारी. ही वाकलेली बाई, हातात जपमाळ.

"सकाळपासून मशीनचा आवाज नाही," ती म्हणाली. "काय झालं? आहे ना ती?"

"आहे. बटण बंद करायचंय. सॉकेट..."

"मला ठाऊक आहे कुठलं ते." आत शिरली सुद्धा. बोर्डावर एका बटणाला लाल चिकटपट्टी लावलेली, चुकून कुणी खाली करू नये म्हणून. ती तिनं नखानं ओरबाडून काढली, बटण खाली केलं आणि त्यावर तळहात दाबून उभी राहिली. "मी इथून हलणार नाही. कुणी आलं तरी हात काढणार नाही. झालं की भिंतीवर तीन थापा दे."

"ऐकू येतील?"

"पोरी, या भिंतीतून सगळं ऐकू येतं. ती खोकते तेव्हा मी मोजते. परवापासून ते मशीन दर तासाला ओरडतंय, मी इथे बसून नुसती ऐकतेय. काय करणार होते? मी तिकडे यायचं नाही असं ठरलं होतं ना."

मला तिच्याकडे बघवलं नाही. पळाले.

परत आले तेव्हा काटा लाल पट्ट्यात. आकडा ८१. टेस्टर लावला. जाताना पेटला होता, आता नाही. तरी बोट पुढे होईना. उस्ता बुधवारी बोलला होता, पहिला स्पर्श उलट्या हाताचा, म्हणजे मूठ आवळली तरी तार पकडली जाणार नाही. उलटा हात लावला. काही नाही. सबीहाचा तळहात तिथे बटणावर आहे, एवढ्या एकाच गोष्टीच्या भरवशावर मी तारा हातात घेतल्या.

जुनं सॉकेट ओढलं तर हातात तुकडे आले. लाल तार ठीक. काळीचं आवरण भाजून भुगा, टोक काळंठिक्कर. चांगलं तांबं दिसेपर्यंत कापत गेले — आणि तार तोकडी पडली! सॉकेटपर्यंत पोचेना. मग खिडकीतला तुकडा आठवला. कनेक्टरनं जोड दिला, पेच घट्ट पिळले, तार ओढून बघितली, सुटत नाही. लाल एका बाजूला, काळी दुसऱ्या बाजूला. परत तपासलं. परत ओढलं. घाम डोळ्यांत जात होता. मागे आईचा श्वास, मग नाही, मग परत.

रविवारी आणलेलं नवं सॉकेट भिंतीत बसवलं. पिन घातली, घट्ट बसली, काडीबिडी काही नको. मग भिंतीवर तीन थापा दिल्या, मुठीनं, जीव खाऊन.

एक लांब आवाज. आणि मशीन गुणगुणायला लागलं.

मी जमिनीवरच बसले. वीस मिनिटांनी ८८. तासाभरानं ९१. मोठ्यानं रडले. शाळेतल्या मुलींनी बघितलं असतं तर!

१९ जुलै, शनिवार

सॉकेट थंडगार. दर अर्ध्या तासानं हात लावून बघतेय.

आई सकाळी दोन चमचे शोरबा प्यायली. मग म्हणाली, "काल ती... काही म्हणाली?"

म्हटलं, "सगळं ऐकू येतं म्हणाली."

"तुला काही विचारलं?"

"नाही."

"नाही विचारणार. सत्तावीस वर्षं... मलाही कधी विचारलं नाही."

मी नळी नीट केली, उशी सरळ केली, पाणी आणायला उठले.

२० जुलै, रविवार

आठ दिवस पानं भरली आणि एक गोष्ट चुकवली. भिंत घातली गेली, असं लिहिलं. ठरलं होतं, असं तिनं म्हटलं तेही तसंच उतरवलं. कुणी घातली? कुणी ठरवलं? आईनं नाही. ती रडून नको म्हणत होती, दोघी एका चुलीवर स्वयंपाक करायच्या. अब्बांनाही नको होती. मी सोळा वर्षांची होते. तीन दिवस अन्नाला शिवले नाही, एक तर ती बाई या घरात दिसेल नाहीतर मी, म्हणाले. चौथ्या दिवशी विटा आल्या.

उस्ता लफ्ताला फोन केला, ओळखीचा गवंडी पाठवा म्हणून. दार किती रुंद हवं, त्यानं विचारलं. आईचा पलंग मोजून सांगितलं.